थंडीतली पक्षीफेरी: तीच बाग, तीच वाट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. थंडी सुरू झाल्यावर घराजवळच्या बागेत दर रविवारी सकाळी पक्षी बघायला जमायचं तुम्ही ठरवलंत. पहिल्या रविवारी अठरा जण आले, दुसऱ्या रविवारी चौदा, पाचव्याला तुम्हाला धरून चौघं. येणं थांबवलेल्यांपैकी एकजण म्हणाला, ‘तेच तेच पक्षी दिसतात.’ तुम्हाला स्वतःला तीस-चाळीस पक्षी ओळखता येतात, त्यापलीकडचं कुणी विचारलं की दडपण येतं. म्हणजे प्रश्न दोन: गट टिकवायचा कसा, आणि एवढ्याशा माहितीवर आपण फेरी न्यावी का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. जरूर न्यावी. गेले अठरा हिवाळे मी अशा फेऱ्या नेतेय आणि माझ्या पाहण्यातल्या चांगल्या फेऱ्या सगळ्यात जास्त पक्षी ओळखणाऱ्यांनी नेलेल्या नव्हत्या. ज्याला शंभर नावं तोंडपाठ असतात तो पक्षी दिसला रे दिसला की नाव सांगून मोकळा होतो. नाव कानावर पडलं की माणसं दुर्बीण खाली घेतात, बघणं तिथंच संपतं. पहिली तीन-चार वर्षं मीही हेच करत होते. दोन तासांत पंचेचाळीस नावं सांगायची, लोक वहीत लिहून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात त्यातलं एकही कुणाला आठवायचं नाही. फेरी नेणाऱ्याचं काम दाखवण्याचं आहे. नाव सगळ्यात शेवटी सांगायचं, आणि ते माहीत नसेल तर वर्णन लिहून ठेवायचं.

थिरथिऱ्याचंच बघा. हा थंडीचा पाहुणा बागेच्या कुंपणावर, दगडावर, नाहीतर मोकळ्या जमिनीलगतच्या खुंटावर हमखास येऊन बसतो. कुणी विचारलं, ‘तो कोणता?’ तर लगेच सांगू नका. उलट विचारा, चिमणीएवढा वाटतो की साळुंकीएवढा? बसलाय कसा, ताठ की आडवा? शेपटी काय करतेय? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांचे डोळे शेपटीवर जातात आणि ती सारखी थरथरतेय हे त्यांचं त्यांना दिसतं. मग तो खाली झेपावतो, किडा उचलतो, पुन्हा त्याच जागी येतो. उडताना शेपटीचा विटकरी रंग झळकतो. एवढं झाल्यावर नाव सांगितलंत की ते नाव आपोआप बसतं, कारण थरथर त्यांनी आधी पाहिलेली असते. मादी तपकिरी असते, नर काळपट आणि पोटाशी तांबूस, पण शेपटीचं थरथरणं दोघांचंही तेच. या एका पक्ष्याला दहा मिनिटं द्या. माझ्या मते पहिल्या फेरीत असे तीन पक्षी नीट दाखवता आले तरी भरून पावलं.

आकार सांगताना सेंटीमीटरच्या भानगडीत पडू नका. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबुतर, कावळा, घार ही मापं सगळ्यांच्या डोळ्यांत मुरलेली असतात. ‘साळुंकीहून लहान, बुलबुलाहून सडपातळ’ म्हटलं की नवख्यालाही कळतं. त्यानंतर चोच, बसण्याची ढब, हालचाल. रंग शेवटी, कारण सकाळच्या उजेडात रंगाइतकं फसवं काहीच नाही. झाडाआडून समोर सूर्य असेल तर पोपटसुद्धा काळा दिसतो.

आता ‘तेच तेच पक्षी’ या तक्रारीकडे येते. ही तक्रार गट रोडावण्याचं खरं कारण आहे, आणि तिच्यावर बहुतेक जण काढतात तो उपाय चुकीचा असतो: दर आठवड्याला नवी जागा, मग लांबच्या जागा, मग गाडी, मग ज्याला पहाटे पाचला निघणं जमतं तेवढेच लोक. तुमच्या घराजवळची बाग सोडू नका. एकच बाग, एकच वाट, थंडीच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत. पक्षी तेच असतात, पण ते दर आठवड्याला तसेच दिसत नाहीत. हा फरक बघायची सवय गटाला लागली की माणसं यायची थांबत नाहीत.

हा फरक कुठं दिसतो ते सांगते. बागेत तळं असेल तर त्यावरचा थापट्या बदक घ्या. हिवाळ्याच्या तोंडाशी आलेला नर मादीसारखाच मळकट तपकिरी असतो, कारण वीण संपल्यावर त्यानं भडक पिसं टाकून दिलेली असतात. नवी पिसं येत येत डिसेंबर-जानेवारीत डोकं बाटलीसारखं हिरवं होतं, छाती पांढरीशुभ्र, कुशी विटकरी. दर आठवड्याला त्याच नराकडे बघणाऱ्याला हे पीस-पीस करत घडताना दिसतं. जांभळ्या शिंजिराचंही तसंच. विणीच्या हंगामाबाहेर नर अंगानं मादीसारखा पिवळट होतो, हनुवटीपासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. थंडी सरता सरता त्या रेघेच्या आजूबाजूला जांभळे-निळे ठिपके उमटू लागतात. त्या मधल्या अवस्थेतला शिंजीर पाहून लोक मला विचारतात, हा आजारी आहे का? आजारी नाही, तो कपडे बदलतोय. गायबगळा थंडीत नुसता पांढरा असतो. त्याच्या डोक्यामानेवर केशरी झाक येऊ लागली की हंगाम पालटतोय असं समजावं. टिबुकलीचा थंडीतला फिका तपकिरी रंग असाच गडद होत जातो आणि गळ्यावर तांबूस रंग चढतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट नवख्यांना फार आवडते. कडाक्याच्या थंडीत बुलबुल, दयाळ, कबुतरं गोल गरगरीत दिसतात. जाड झालेले नसतात. पिसं फुलवून त्यांनी मधे हवा कोंडलेली असते आणि ती हवा गोधडीसारखं काम करते. बगळा किंवा बदक एका पायावर उभं असतं त्यामागेही उष्णता वाचवणं हेच मोठं कारण, कारण पायांवर पिसं नसतात. एक पाय पिसांत ओढून घेतला की तेवढं नुकसान वाचलं.

आणि थिरथिऱ्याकडे पुन्हा एकदा वळते. बागेच्या एका कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीवर गेले कित्येक हिवाळे आम्हाला एक नर दिसतो. ठरावीक नळ, ठरावीक कठडा. तो तोच पक्षी आहे का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पाहुणे पक्षी थंडीतल्या ठरावीक जागी पुन्हा परततात, हे कडी घातलेल्या पक्ष्यांवरून सिद्ध झालेलं आहे. पण आमच्या नराच्या पायात कडी नाही, त्यामुळे तोच आहे असं मी ठामपणे सांगत नाही. अशा वेळी मी १८९९ सालची गोष्ट सांगते. हान्स मॉर्टेन्सन नावाच्या डॅनिश शिक्षकानं अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या कड्यांवर क्रमांक आणि पत्ता कोरून त्या मैनांच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत घातल्या. त्याआधीही पक्ष्यांना खुणा करण्याचे प्रयत्न झाले होते, पण पद्धतशीर कडी घालण्याची सुरुवात तिथून धरतात. स्थलांतराची आपली कितीतरी माहिती त्या बोटभर पट्टीतून आली, हे ऐकल्यावर मुलं टाकीवरच्या पक्ष्याच्या पायांकडे दुर्बीण लावून बघू लागतात.

वेळेबद्दल. पक्षी बघायचे म्हणजे अंधारात निघायचं ही समजूत उन्हाळ्यापुरती ठीक. थंडीत एवढी घाई नको. हवा गार असते तोवर किडे हलत नाहीत आणि किडे हलत नाहीत तोवर किडे खाणारे पक्षी फारसे बाहेर दिसत नाहीत. सूर्योदयानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी सुरुवात करा. पहिलं ऊन सगळ्यात उंच झाडांच्या शेंड्यांवर पडतं आणि रात्रभर गारठलेले पक्षी तिथं अंग शेकायला येतात, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं फक्त शेंडे न्याहाळा. वाळकी, पानं झडलेली फांदी असेल तर सोन्याहून पिवळं. वाट अशी आखा की सूर्य तुमच्या पाठीशी राहील: सकाळी बागेच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे. उलट गेलात तर दोन तास नुसत्या काळ्या सावल्या बघाल. ऊन तापून हवा वर उठू लागली की शिक्रा, घारी गिरक्या घ्यायला लागतात, म्हणून शेवटची दहा मिनिटं मोकळ्या हिरवळीवर आकाशाकडे बघण्यासाठी राखून ठेवा.

अंतर किती? दोन तासांत एक किलोमीटर पुरे, दीड म्हणजे फार झालं. बागेत पक्षी सगळीकडे सारखे नसतात. कापलेली हिरवळ आणि रांगेतल्या शोभेच्या कुंड्या यांच्याजवळ फार वेळ काढू नका. पालापाचोळ्याचा ढीग, माळ्याची खताची जागा, गळका नळ, कुंपणालगतची न छाटलेली झुडपं, वडा-पिंपळाच्या जातीचं एखादं फळलेलं झाड, अर्धमेलं झाड: खरी बाग ही. गळक्या नळापाशी आम्ही एकदा अर्धा तास नुसतं उभं राहिलो होतो. धोबी, दयाळ, चिरक, दोन जातींचे बुलबुल, चष्मेवाला या चिमुकल्या पक्ष्यांची टोळी आणि शेवटी, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, एक मानमोडी आली. मानमोडी म्हणजे सुतार पक्ष्याच्या घराण्यातली, झाडाच्या सालीसारखी रंगलेली, मुंग्या टिपणारी. चालत राहिलो असतो तर ती दिसलीच नसती.

थंडीच्या फेरीतला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे संमिश्र थवा, आणि त्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. बराच वेळ झाडं निःशब्द असतात, गट कंटाळतो आणि मग एकाएकी एका झाडावर दहा ठिकाणी हालचाल सुरू होते. चष्मेवाले, पर्णवटवट्या, सुभग, निखार, नाचण, शिंपी, खोडावर एखादा सुतार, बाजूला एक कोतवाल. पाच मिनिटांत सगळे पुढच्या झाडावर जातात आणि हे झाड पुन्हा रिकामं. विणीच्या दिवसांत प्रत्येक जोडी आपापली हद्द सांभाळत असते, तेव्हा असे एकत्र फिरत नाहीत. थंडीत हद्दींची ती निकड ओसरते आणि वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र चरतात. फायदा दुहेरी. एकानं हुसकलेला किडा दुसऱ्याला मिळतो. शिवाय जितके डोळे जास्त, तितका शिकारी पक्षी लवकर दिसतो, त्यामुळे प्रत्येकाला मान वर करून पहारा देण्यात कमी वेळ घालवावा लागतो. कोतवाल या थव्याचा पहारेकरी असतो आणि त्याचं मोलही वसूल करतो. कलहारीच्या वाळवंटातले कोतवाल तर खोटा इशारा देऊन इतरांना पळवून लावतात आणि त्यांनी टाकलेलं भक्ष्य उचलतात, हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे.

असा थवा आला की बहुतेक गटांत गोंधळ उडतो. ‘इकडे बघा’, ‘नाही, तिकडे’, ‘तो पिवळा’, ‘कुठला पिवळा’. यासाठी आधीच ठरवून ठेवा. थवा दिसला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, त्याच्या मागे धावायचं नाही. प्रत्येकानं झाडाचा एकच भाग धरून त्यात काय येतं ते बघायचं. एकजण खोड बघेल, एकजण शेंडा, दोघं मधल्या फांद्या. थवा निघून गेल्यावर बोलायचं. एकट्या माणसाला त्या पाच मिनिटांत चार जाती दिसतात, अशा वाटून घेतलेल्या गटाला दहा. गटानं फिरण्याचा खरा लाभ इथं कळतो, आणि पक्ष्यांना तो आपल्याआधी कळलेला आहे.

जागा दाखवण्याचीही एक पद्धत हवी. हात उंचावून बोट दाखवू नका. ती झटकन झालेली हालचाल पक्ष्याला उडवते आणि पाच पावलं दूर उभ्या असलेल्या माणसाला त्या बोटाची दिशा कळतही नाही. झाडाला घड्याळ समजा. ‘समोरचं उंबराचं झाड, मधोमध घड्याळाचा मध्य, दोनच्या काट्यावर टोकाजवळ.’ नाहीतर बुंध्यापासून वर चढवत न्या: ‘खोड जिथं दुभंगतं तिथून डावी फांदी, त्यावर वाळलेली शेंग, तिच्या वर वीतभर.’ सुरुवातीला अवघड वाटतं, तिसऱ्या रविवारी मुलंसुद्धा सफाईनं सांगतात.

गटाची संख्या एका वाटाड्यामागे दहा-बारा. पंधराच्या वर गेली की दोन गट करा आणि विरुद्ध टोकांनी सुरुवात करा. मी हे किंमत मोजून शिकले. एका रविवारी एकतीस जण आले. सगळ्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून मी एकटीनं सगळ्यांना घेऊन गेले. बागेतल्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी दिवसा बसायची आणि दर हिवाळ्यात मी ती लांबून दाखवत असे. त्या दिवशी पुढचे थांबले, मागचे दिसेना म्हणून पुढे सरकले, कुणीतरी फोननं फोटो काढायला बुंध्यापाशी गेलं. जोडी उडाली, कावळे मागे लागले. त्या हिवाळ्यात ती ढोली रिकामीच राहिली. चूक माझी होती, आणि तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते: शेवटचा माणूस नेमल्याशिवाय निघत नाही, आणि घुबड-पिंगळ्यांच्या बसण्याच्या जागा फेरीत दाखवत नाही, फोटो टाकताना सांगत नाही.

शेवटचा माणूस म्हणजे मागे राहिलेल्यांना सांभाळणारा. त्याला वाटाड्याइतकंच महत्त्व द्या. हळू चालणारे, लहान मूल घेऊन आलेले, नवीन आलेले आणि संकोचणारे हे सगळे मागेच असतात, आणि माझा अनुभव असा की जे येणं थांबवतात ते बहुतेक मागचेच. पुढच्यांना पक्षी दिसतो, मागचे पोचेपर्यंत तो उडालेला असतो. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोण येणार? तुमच्या गटात नेमकं हेच तर झालं नाही ना, ते बघा. उपाय सोपा आहे: दर थांब्यावर मागच्यांना पुढे घ्या आणि चालण्याचा वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा ठेवा. बाकं कुठं आहेत ते लक्षात ठेवून थांबे तिथंच घ्या. गुडघे दुखणाऱ्या एका आजी आमच्याबरोबर येतात. त्या पहिल्या बाकावर बसून राहतात आणि आम्ही फेरी मारून परत येतो तेव्हा त्यांच्या वहीत बऱ्याचदा आमच्याहून दोन-तीन पक्षी जास्त असतात.

बोलणं पूर्ण बंद ठेवायला लावू नका, ती फेरी राहणार नाही. हळू आवाजात, सलग सुरात बोला. कुजबुजताना उमटणारा ‘स-स’ उलट लांब जातो. हसणं चालतं, पण एकदम ओरडणं आणि पळणं नको. कपडे मातकट, हिरवट असले तर बरं, एवढंच. त्यावर कुणाला टोकू नका.

दुर्बिणीबद्दल सगळे विचारतात. नवी घेणार असाल तर ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: इथं सव्वापाच मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये तीच अडीच भरते, म्हणून सकाळच्या सावलीत ती अंधूक वाटते, शिवाय दहा पटीत हाताची थरथरही तितकीच वाढते. पण दुर्बीण कोणतीही असो, ती डोळ्यांना लावून घेतल्याशिवाय कुणाला वाटेला लागू देऊ नका. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करायचं. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी खाली. मग उजवी बाजू झाकून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करायची. नंतर डावी बाजू झाकून, उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला. वर्षानुवर्षं दुर्बीण वापरणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ती उजवीकडची कडी कधी फिरवलेलीच नसते आणि ‘मला दुर्बिणीतून नीट दिसत नाही’ म्हणून ते ती गळ्यात नुसती बाळगतात. पक्षी पकडायची युक्ती एकच: नजर पक्ष्यावरून हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली बघून मग वर बघितलं की गेला. थंडीत भिंगावर श्वासाची वाफ धरते, तेव्हा नाकातून सोडलेली हवा खाली जाईल अशी मान ठेवा आणि दुर्बीण उबदार कपड्यांच्या आत ठेवू नका. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही नाही, हे मुलांना पहिल्या मिनिटाला सांगा. बारा जणांत चार दुर्बिणी असल्या तरी भागतं, फिरवत राहा.

फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणारे लोक गटात कधीतरी येतातच. गोड बोलून पण ठामपणे नाही म्हणा. ज्याचा आवाज वाजवलात त्याला वाटतं, परका आपल्या हद्दीत घुसला. चरायचं सोडून तो त्याला हुडकत बसतो. गार रात्रीत एखादा चिमुकला पक्षी अंगावरच्या चरबीच्या जोरावर जगतो आणि सकाळी वजन दहा टक्क्यांपर्यंत घटलेलं असू शकतं. ते त्याला तेवढ्याशा दिवसात भरून काढायचं असतं. त्यातली दहा मिनिटं आपण फोटोसाठी खाल्ली तर ती त्याच्या खाण्यातून जातात. हेच जवळ जाण्याचं. पक्षी खायचं थांबून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही फार जवळ आलात. तो उडेपर्यंत थांबू नका, आधीच दोन पावलं मागे या.

आवाज ओळखून नाव सुचवणारं मर्लिनसारखं अ‍ॅप मात्र खुशाल वापरा. सुरुवात करणाऱ्याला त्याचा फार आधार होतो. फक्त त्याचं उत्तर म्हणजे निकाल नाही, सुचवणी आहे. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो आणि अ‍ॅप तिथं चकू शकतं. अ‍ॅपनं नाव दाखवलं की पक्षी डोळ्यांनी शोधायचा, सापडला तरच वहीत. ज्यांना नीट दिसत नाही अशांसाठी मात्र आवाजाची फेरी वेगळी ठेवा: एका जागी डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं, ऐकू आलेल्या प्रत्येक नव्या आवाजाला एक बोट दुमडायचं. आमच्या गटात ही गोष्ट सगळ्यांनाच इतकी आवडली की आता प्रत्येक फेरीची सुरुवातच तिनं होते.

नोंदी. यावर मी अडून बसते. एकानं वही धरायची, दर आठवड्याला वेगळ्यानं. तारीख, सुरू-बंद वेळ, किती माणसं, हवा कशी, मग जात आणि संख्या. संख्या ‘खूप’ अशी लिहायची नाही. भोरड्यांचा थवा डोक्यावरून गेला तर त्यातले दहा मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढे तुकडे थव्यावर किती बसतात ते बघायचं. चुकेल, पण ‘साधारण २००’ ही नोंद ‘खूप’ पेक्षा दहापट कामाची. सगळे पक्षी लिहायचे, कावळे-कबुतरंसुद्धा. जे नेहमीचे म्हणून आपण लिहीत नाही तेच कमी झाल्याचं कळायला सगळ्यात उशीर होतो.

या नोंदी ई-बर्डवर टाका. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटीनं २००२ साली सुरू केलेली ही नोंदवही जगभरचे लोक भरतात. गटाची एकच यादी करून ती सगळ्यांना वाटून द्यावी, म्हणजे तेच पक्षी बारा वेळा मोजले जात नाहीत. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. १९९८ साली सुरू झालेली ही गणना २०१३ पासून साऱ्या जगासाठी खुली आहे आणि एका जागी निदान १५ मिनिटं पक्षी मोजले तरी त्यात भाग घेता येतो. तुमच्या गटाला हिवाळ्याच्या मध्यावर हे एक चांगलं निमित्त आहे. थंडीतल्या गणनेची परंपरा त्याहून बरीच जुनी. अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट करून जास्तीत जास्त पक्षी मारण्याची चुरस लागत असे. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं की मारण्याऐवजी मोजू या. त्या नाताळला २५ ठिकाणी २७ माणसांनी पक्षी मोजले आणि ती गणना अजून दर वर्षी होते. पहिल्या वर्षी दर ठिकाणी जेमतेम एक माणूस होता. तुमच्याकडे आज चौघं आहेत.

बागेची देखभाल बघणाऱ्यांना आधी सांगून ठेवा, परवानगी लागत असेल तर घ्या. त्याहून महत्त्वाचं, माळ्याशी ओळख करून घ्या. कोणतं झाड कधी फळतं, कुठल्या झुडपात काय खुसफुसतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या बागेतल्या पालापाचोळ्याचा एक कोपरा केवळ माळ्याशी बोलल्यामुळे जळण्यापासून वाचला, आणि आज सगळ्यात जास्त पक्षी तिथं दिसतात.

तर पुढच्या रविवारी, चौघं असलात तरी, असं करा. पहिली दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. मग तीनच पक्षी निवडा, प्रत्येकाला दहा मिनिटं द्या, नाव शेवटी. बाकीचा वेळ एका पाणवठ्यापाशी नाहीतर फळलेल्या झाडापाशी बसून घालवा. ज्यांनी येणं थांबवलंय त्यांना निरोप पाठवताना किती जाती दिसल्या ते कळवू नका. एकाच पक्ष्याचं काय पाहिलंत ते दोन ओळींत कळवा.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून ठेवा, ‘पहिल्यांदा दिसला’ आणि ‘शेवटचा दिसला’. खाली तुमच्या बागेतल्या पाहुण्यांची नावं: थिरथिरा, धोबी, लाल कंठाची लिटकुरी, पर्णवटवट्या, जे असतील ते. पहिला रकाना पेननं भरला तरी चालेल. दुसरा पेन्सिलीनं भरा, कारण तो शेवटचा होता हे त्या दिवशी कळत नाही, पुढचे दोन-तीन रविवार टाकीचा कठडा रिकामा दिसला की मग कळतं.